बंदवास की बंदिवास? कवितेसाठी घडवलेला शब्द ठेवावा की खोडावा?

ओलीसुकी
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, कारण दोन दिवस डोक्यात दुसरं काही नाहीये.

एका दिवाळी अंकाने माझी कविता घेतली. काल प्रूफ आलं आणि त्यात माझा एक शब्द "सुधारलेला" होता. कडवं असं आहे:

कुलूप निघता समोर आला
आजीघरचा बंदवास तो
भिंतीमधला पाऊस जुना
माझ्या अंगी चढू लागला

प्रूफमध्ये बंदवासचं बंदिवास झालंय. एक वेलांटी फक्त. मी पाठवला होता तो बंदवास, म्हणजे बंद घराचा वास. आमचं घर राजापूर तालुक्यात आहे, गणपतीत आणि मे महिन्यात उघडतं, एरवी कुलूप. चिऱ्याच्या भिंती पावसाळाभर ओल पितात. दार उघडलं की ती ओल, शेणाने सारवलेली जमीन, ट्रंकेतल्या गोधड्या, कोनाड्यातलं जुनं रॉकेल आणि रिकामा कणगा असं सगळं मिळून एकच काहीतरी येतं. त्याला नाव सापडेना म्हणून मी हा शब्द केला. तीन वर्षं कविता तशीच पडून होती, या शब्दाने ती पुरी झाली.

संपादकांचा दोष नाही, त्यांना टंकनदोष वाटला. पण म्हणजे वाचकालाही तसंच वाटणार ना? सोमवारपर्यंत कळवायचंय. शब्द ठेवू, की ओळ बदलू? आणि तुम्ही शब्द घडवता का? घडवला तर तो टिकणार की नाही हे कसं ओळखता?

मालवणी_खाजा
ताई, कुबट! मराठीत शब्द आहे की, कुबट वास. 🙂

गझलवेडा
खाजा म्हणतो त्यात मात्राही बिघडत नाहीत. बंदवास सहा मात्रा, कुबट वास तीन नि तीन सहा. "आजीघरचा कुबट वास तो", आठ नि आठ, चोख बसतंय. म्हणजे वृत्तासाठी शब्द केला असं म्हणायला वाव नाही हां तुला.

ओलीसुकी
@गझलवेडा, वृत्तासाठी केलाच नाही. कुबट तर मला पहिल्याच दिवशी सुचला होता. पण कुबट म्हटलं की नाक मुरडलं जातं. मी त्या वासाला नाक मुरडत नाही, मी दारात उभी राहून तो भरून घेते आणि माझा नवरा मागून "अगं खिडक्या उघड आधी" म्हणून ओरडत असतो.

शुद्धमती
हे पटलं, आणि यामागे गंमत आहे. वास, चव, स्पर्शाचे आपले ट-कारान्त शब्द बघा. कुबट, खवट, करपट, कोंदट, ओशट, मळकट, तेलकट, चिकट. तो शेवटचा ट बहुतेक वेळा तोंड वाकडं करूनच येतो. पिवळं फूल छान, पिवळट म्हटलं की धुवायला टाकायचं कापड. याउलट सर लावलं की तोच गुण हलका नि बरा होतो, ओलसर, गोडसर, लालसर. तेव्हा नवा शब्द करायचाच असेल तर कुबटमधला ट काढून कुबसर करून बघा. वाचक अडखळणार नाही कारण दोन्ही तुकडे त्याच्या ओळखीचे आहेत.

मालवणी_खाजा
आंबट पण ट-कारान्तच आहे मॅडम, आणि कैरी समोर आली की कोण तोंड वाकडं करतं?

शुद्धमती
सगळेच करतात, आणि मग दुसरी फोड उचलतात. 😀 पण मान्य, आंबट, तुरट, खारट या मूळ चवी आहेत, त्यांना नियम लागत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
कुबसर वाचून मले केसर आठवलं. नको.

नानाकाका
ओलीसुकी, मी वयाने मोठा आहे म्हणून स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस.

शब्द घडवण्याआधी शोधावा. आपल्याकडे मोल्सवर्थचा कोश आहे, १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, १९३२ ते १९३८ मध्ये सात खंड निघाले. गावोगावचे, जातीजातींचे, धंद्याधंद्यांचे शब्द त्यात भरून ठेवलेत आणि आपण ते उघडत नाही. मी निवृत्त झाल्यापासून रोज एक पान वाचतो. दर पानावर असा एखादा शब्द असतोच की वाटतं हा मरायला नको होता. नवीन पोरं शब्द नाही म्हणून रडतात, शब्द असतो, यांनी ऐकलेला नसतो.

कवीचं पहिलं काम जुना शब्द जागा करायचं आहे. नवा जन्माला घालायचं काम त्यानंतरचं.

खानदेशकन्या
काका, शोधावा हे शंभर टक्के. पण कोशात जे शब्द गेले ते कोणीतरी पहिल्यांदा बोललंच असेल ना? डोकं वरून डोकावणं, हात वरून हाताळणं, लाथ वरून लाथाडणं, पाणी वरून डोळे पाणावणं. "डोकावणं" पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काय वाटलं असेल? आज आपण त्यात डोकं आहे हेसुद्धा विसरलो.

गझलवेडा
+१. नामधातू म्हणतात त्याला, नामाचं सरळ क्रियापद करायचं. मर्ढेकरांनी तर इंग्रजी नामांचं केलं. रात्र दिव्यांनी "पंक्चरली" आणि कोणीतरी काळोख "पंपतो". पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कॉलेजच्या लायब्ररीत होतो, तो पंपतो वाचून हाताला सायकलच्या पंपाचा जोर जाणवला. "पंपाने भरतो" लिहिलं असतं तर काहीच झालं नसतं. आज आपण "गुगलून बघ" सहज म्हणतो, तीच वाट आहे.

नानाकाका
मर्ढेकर हे मर्ढेकर आहेत.

गझलवेडा
काका, त्यांच्या कवितांवर अश्लीलतेचा खटला झाला होता. तेव्हा सगळेच काही "मर्ढेकर हे मर्ढेकर" म्हणत नव्हते.

फ्रँकफुर्टकर
वाचतोय. इथे रात्रीचे दोन वाजलेत पण धागा सोडवत नाही.

माझं मत, शब्द दोन तऱ्हेचे असतात. एक व्यवहारात घालायला केलेला, सगळ्यांनी वापरावा म्हणून. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो त्यासाठी. सावरकरांचे महापौर, दिनांक, हुतात्मा हे त्यासाठी. असा शब्द यशस्वी झाला की दिसेनासा होतो, दिनांक लिहिताना कोणाला आठवतं की हा घडवलेला आहे. कवितेतला शब्द वेगळा. तो एका जागी एकदा चालला तरी झालं, उलट तो थोडा दिसायला हवा, बोटाला लागायला हवा. म्हणून "लोक वापरतील का" हा प्रश्न कवीला पडायलाच नको.

पारिजात
आणि कधीकधी कवितेतला पण बाहेर पडतो. केशवसुतांचं झपूर्झा घ्या. झिम्मा खेळताना पोरी "जा पोरी जा" भरभर म्हणतात त्याचं ऐकू येतं ते झपूर्झा. म्हणजे हवेतून काढलेला नाही, कानाने उचललेला आहे. आणि आता खडकवासल्याजवळ त्या नावाचं कलासंग्रहालय आहे! तिथे गेलेल्या किती जणांना तो झिम्म्यातला आहे हे माहीत असेल?

माझ्या मते टिकणारा घडीव शब्द असाच असतो, कानातून आलेला. मेजावर बसून दोन शब्दांना चिकटपट्टी लावली की कळतं. सॉरी ओलीसुकी, पण बंदवास मला थोडा चिकटपट्टीवाला वाटला.

ओलीसुकी
सॉरी कशाला, याचसाठी धागा काढलाय. पण तो मेजावर नाही झाला गं. कुलपात किल्ली फिरेना, बाबा खोबरेल आणायला शेजारी गेले, मी फटीला नाक लावून उभी होते आणि तेव्हा तोंडात आला.

शुद्धमती
व्याकरणाचा आक्षेप कोणी घेण्याआधी सांगते, बंद फारसी आणि वास संस्कृत असा मिश्र समास झाला म्हणून तो अशुद्ध ठरत नाही. जिल्हाधिकारी रोज चालतो, त्यातला जिल्हा अरबीतून आलाय.

आणि एक सगळ्यांच्या नजरेतून सुटलंय. वास म्हणजे गंध, आणि वास म्हणजे राहणं. निवास, वनवास, अज्ञातवास. म्हणजे बंदवास मध्ये बंद घराचा गंध आहे तसंच बंद घरातलं राहणंही आहे. संपादकांची वेलांटी चुकली, पण ती भलतीकडून आलेली नाही, बंदिवासातला वास हा त्या दुसऱ्या अर्थाचाच आहे. दोन्ही शब्द सख्खे शेजारी आहेत.

खानदेशकन्या
बापरे. हे वाचून परत कडवं वाचलं.

ओलीसुकी, एक विचारू का? खाजगी वाटलं तर सोड. आजी त्या घरात एकटी राहायची का? कारण "आजीघरचा बंदिवास तो" ही ओळ पण मला खरी वाटतेय. सगळे मुंबईला गेलेले आणि ती घर राखत बसलेली. आमच्याकडे अशा किती आज्या होत्या.

ओलीसुकी
दुपारी वाचलं हे. लगेच उत्तर देता आलं नाही.

एकटीच होती. आजोबा गेल्यावर अठरा वर्षं. बाबा दर महिन्याला मनीऑर्डर पाठवायचे आणि ती मे महिन्याची वाट बघायची. मुंबईला एकदाच आली, आठ दिवसांत "माझी जमीन सारवायची राहिली" म्हणून परत गेली. तिला कोणी डांबलं नव्हतं. पण ती कवितेत नाहीये, कवितेत फक्त मी आहे दार उघडणारी, आणि मला तो वास लाडका आहे कारण मी आठ दिवसांनी परत जाते. ती त्यातच राहायची.

मला बंदिवास करायचा नाही. तो माझ्याकडून खोटा होईल, तिने तसं कधी म्हटलं नाही. पण आता नुसता लाडका वासही लिहवत नाही.

नानाकाका
आता कविता सुरू झाली बघ.

गझलवेडा
मी परत सुताराच्या कामाकडे येतो, कारण सोमवार जवळ आलाय.

१. "समोर आला". वास समोर कसा येईल? माणूस समोर येतो.
२. "बंदवास तो" मधला तो. हा भरीचा आहे, दोन मात्रा भरायला घेतलेला. तो, ही, रे, च, ना, आपण सगळेच यांच्यावर जगतो पण नवा शब्द आहे त्याच्याच शेजारी भरीचा शब्द असला की वाचकाचा विश्वास उडतो. त्याला वाटतं याला जमलं नाही म्हणून हेही नि तेही.

"आजीच्या घरचा बंदवास" केलं तर सोळाच मात्रा होतात, तो ची गरज नाही.

पारिजात
म्हणून बघ मोठ्याने. "आजीच्या घर, चा बंदवास". आठव्या मात्रेवर घर तुटतंय. मोजून बरोबर, म्हणून चूक.

गझलवेडा
खरंय. मागे घेतो.

वऱ्हाडी_ठेचा
आजीघर कशाले? आजोळ हाये ना. "आजोळाचा बंदवास तो". आठ मात्रा होतेत, मोजल्या म्या बोटावर.

ओलीसुकी
@वऱ्हाडी_ठेचा, मात्रा अगदी बरोबर, पण ही बाबांची आई. आजोळ आईकडचं.

आणि हे लिहिताना लक्षात आलं की वडिलांच्या आईच्या घराला मराठीत वेगळा शब्दच नाही. कारण ते वेगळं घर नव्हतंच ना, ते आपलंच घर, आपण त्यातच जन्मायचो. मुंबईला आल्यावर ते "आजीचं" झालं. म्हणजे आजीघर हाही मी घडवलेलाच शब्द निघाला आणि तो कोणालाच खटकला नाही, दोन दिवस सगळे बंदवासवर बोलतायत!

फ्रँकफुर्टकर
हे फारच लागलं. माझ्या मुलीला मी पुण्याच्या घराबद्दल "आबांचं घर" म्हणून सांगतो. ते माझं घर आहे हे मी म्हणतच नाही कधी.

खानदेशकन्या
थोडं अवांतर, खर्ड्यांबद्दल, म्हणजे कवितेच्या कच्च्या मसुद्यांबद्दल. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरच्यांनी ऐकून टिपून घेतल्या, त्या १९५१ ला गेल्या आणि पुस्तक १९५२ ला आलं. मला नेहमी वाटतं, त्यांचे खर्डे कुठे गेले? ते नसतील असं नाही. माझी आजी घरोट्यावर दळताना ओवी म्हणायची, पायली सरेपर्यंत तीच ओवी सात-आठ वेळा यायची आणि दर वेळी एखादा शब्द बदललेला. कधी भावाचं नाव, कधी गावाचं. आम्हाला वाटायचं विसरली. आता कळतं की ती घासत होती. घरोट्याचा घास आणि ओळीचा घास एकाच हाताने. शेवटची जी निघायची ती पुढच्या दळणाला पक्की असायची.

कागद नसला की न बसणारा शब्द आपोआप गळतो, तोंडात राहत नाही. ओलीसुकी, तुझी ओळ काम करताना म्हणून बघ. भांडी घासताना. बंदवास गळतो का राहतो बघ.

पारिजात
याउलट माझं दुःख. मी मोबाईलवर लिहिते. मागच्या वर्षी एका कवितेत बारा दिवस खाडाखोड केली, मग लक्षात आलं पहिल्या दिवशीचीच ओळ बरी होती, आणि ती नाहीये. वहीत खोडलं तरी रेघेखाली शब्द वाचता येतो, इथे तो जातोच. आठवून लिहिली पण चाल तीच आणि शब्द वेगळे असं झालं. तेव्हापासून दर खर्डा नवीन पानावर, वर तारीख.

नानाकाका
एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. तोवर तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांचे हात त्यात किती शिरले असतील! काम झाल्यावर त्यांनी बजावून ठेवलं की जो यात स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. एवढा मोठा कवी, स्वतः ओव्या रचणारा, पण दुसऱ्याच्या ग्रंथात स्वतःचा शब्द घातला नाही.

तेव्हा ओलीसुकी, मी जुन्या शब्दांचा पक्षपाती आहे तरी सांगतो, ती वेलांटी काढून घे. ठेवायची की नाही हे तू ठरवायचं आहेस, प्रूफ वाचणाऱ्याने नव्हे.

मालवणी_खाजा
काका 🙏

ताई, बंद-वास असं मधे रेघ मारून दिलं तर? नाहीतर अवतरणात?

शुद्धमती
अवतरण नको. "बघा हं, मी नवीन शब्द केलाय" असं हात वर करून सांगण्यासारखं होतं. रेघ त्यापेक्षा बरी, पण तिने शुद्धलेखन सुटेल, ओळीत शब्द मुरणार नाही. वाचकाला शब्द कळण्यासाठी खुणा शब्दावर नाही, आजूबाजूला हव्यात. कुलूप आहेच आधीच्या ओळीत. अजून एक काहीतरी हवं.

ओलीसुकी
शनिवार रात्र. सगळ्यांना एकदमच सांगते.

खानदेशकन्या, भांडी घासताना म्हटली. बंदवास राहिला. "समोर" मात्र दुसऱ्याच वेळी गळला आणि त्या जागी तोंडात "आधी" आला, मी ठरवलं नव्हतं. कुलूप निघता आधी आला. आम्ही आत जायच्या आधी तो बाहेर येतो, दरवेळी असंच होतं. गझलवेडा, मोजल्या, समोर चार, आधी चार.

मग संध्याकाळी बाबांना फोन केला. काकांच्या म्हणण्याप्रमाणे आधी शोधावं म्हणून, की आजी या वासाला काय म्हणायची. बाबा म्हणाले वासाला काही नाही म्हणायची, तिला कुठे यायचा तो, ती आतच असायची. मग थोडं थांबून म्हणाले, एकदा काकाच्या लग्नाला ती सगळ्यांबरोबर महिनाभर कल्याणला होती. परत आल्यावर दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबली. म्हणाली, "घर रुसलंय रे." मग पिशवी खाली न ठेवता आधी चूल पेटवली.

मला हे माहीतच नव्हतं.

आता असं केलंय:

कुलूप निघता आधी आला
रुसल्या घरचा बंदवास तो
भिंतीमधला पाऊस जुना
माझ्या अंगी चढू लागला

गझलवेडा
रुसल्या घरचा, चार नि चार. तो राहिलाच शेवटी?

ओलीसुकी
राहिला. पण मला तो आता भरीचा वाटत नाहीये. आधीचा तो कोणाकडेच बोट दाखवत नव्हता. आता घर रुसलंय म्हटल्यावर तो रुसलेल्या माणसासारखा वाटतोय, दारात आलेला.

गझलवेडा
परत म्हणून बघतो.

हो. ठेव.

पारिजात
चिकटपट्टी शब्द मागे घेते. रुसल्या आल्यावर बंद मधे घराचं तोंड बंद असल्यासारखंही ऐकू येतंय.

शुद्धमती
आणि आजीघर गेलं! ज्यावर कोणी भांडलं नाही तोच घडीव शब्द गेला.

ओलीसुकी
हो ना. आजी पुढच्या कडव्यात येणारे, चुलीपाशी. ते अजून झालेलं नाही. संपादकांना उद्या फोन करून वेलांटीचं सांगते, आणि दोन दिवस वाढवून मागते.

नानाकाका
माग. आणि "रुसणे" कोशात काढून बघतो आता, घराला कोणी वापरलंय का.

वऱ्हाडी_ठेचा
पुढचं कडवं इथं टाकजो ताई.